बाबांचा गॅस

आमच्या घरी डिप्रेशन आलं ते गॅस म्हणून आलं. रडारड नाही, खिडकीत बसून शून्यात बघणं नाही, सिरीयलमधे दाखवतात तसलं काहीच नाही. छातीत भरल्यासारखं होतंय, पोट साफ होत नाही, तोंडाला चव नाही, डोकं जड झालंय, आणि ह्या सगळ्याचं कारण बाबांच्या मते एकच, गॅस. आमच्या सांगलीकडे गॅस हे असं एक खातं आहे की त्यात काहीही जमा करता येतं आणि एकदा जमा केलं की पुढे कुणी चौकशी करत नाही.

बाबा एसटीत होते. वर्कशॉपला मेकॅनिक म्हणून लागले, हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. रिटायर झाल्यावर माणूस खचतो वगैरे म्हणतात तसलं काही झालं नव्हतं, उलट गल्लीतले सगळे मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन आमच्या जिन्याखाली यायला लागले. पैसे घ्यायचे नाहीत पण उपदेश भरपूर करायचे. "अहो ताई, ओलं खोबरं एवढं ठासून भरायचं नसतं, कपलर जाणारच की!" कार्बन ब्रश झिजलेला निघाला तर तो झिजलेला तुकडा कागदात बांधून परत द्यायचे, उगाच बदलला नाही हे समोरच्याला दिसावं म्हणून. असा माणूस.

गणपती झाले आणि त्यानंतर कधीतरी हे सुरू झालं. नक्की कधी ते आजही कुणाला सांगता येत नाही. मी पुण्यात, फोनवर रोज ऐकायचे, आज जेवले नाहीत, आज ढेकर येत नव्हता म्हणून रात्रभर फेऱ्या मारल्या, आज चिंटूवर ओरडले (चिंटू म्हणजे भाचा, माझ्या दादाचा मुलगा, त्याची सायकल जिन्यात आडवी पडली होती एवढंच). फॅमिली डॉक्टरांनी आधी पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी दिली, मग ईसीजी, मग टूडी एको, मग सोनोग्राफी, मग मिरजेला नेऊन दुर्बिणीतून पोटाची तपासणी. मिरज जवळ असण्याचा हा फायदा आणि तोटाही, तिथे इतके दवाखाने आहेत की एका डॉक्टरनं काही निघत नाही म्हटलं की माणूस रस्ता ओलांडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. आम्ही ओलांडले. फाईल जाड झाली. सगळं नॉर्मल.

रिपोर्ट नॉर्मल आल्यावर घरात काय होतं ते लिहिण्यासारखं आहे. आम्हाला सुटल्यासारखं झालं, दादानी येताना पेढे आणले. आणि बाबांचा चेहरा पडला. कारण आता त्यांच्या दुखण्याला पुरावाच उरला नाही. "म्हणजे मी काय नाटक करतोय?" असं ते त्या संध्याकाळी म्हणाले आणि मग कितीतरी दिवस दुखण्याबद्दल बोललेच नाहीत, जे आम्हाला सुधारणा वाटली.

छातीतलं ते दडपण खरं होतं. ते नंतर मानसोपचाराच्या डॉक्टरांनी फार नीट सांगितलं, की म्हाताऱ्या माणसांत, त्यातून पुरुषांत, डिप्रेशन बऱ्याचदा शरीराच्या वाटेनंच बाहेर पडतं, भूक जाते, पोट आळसतं, पाठ धरते, छाती भरून येते. दुखतं ते खरंच दुखतं, तपासणीत सापडत नाही म्हणून खोटं होत नाही. आणि उदास वाटतं का विचारलं तर माणूस प्रामाणिकपणे नाही म्हणतो, कारण उदास वाटणं हे त्याच्या हिशोबात आजार नाहीच. चिडचिड मात्र होते, ती आम्ही "वय झालं" मधे टाकली होती.

मधेच एका डॉक्टरनं झोपेची गोळी दिली, अल्प्राझोलाम. तिनं झोप लागली, दोन-चार दिवस घर शांत झालं. मग तीच गोळी पुरेना. ह्या गोळीबद्दल मला आता जरा स्पष्टच बोलायचंय, कारण आपल्याकडे "मानसिक आजाराच्या गोळ्यांची सवय लागते" असं जे छातीठोक सांगतात ना, ती बदनामी बहुतेक ह्या झोपेच्या गोळ्यांच्या कुटुंबानं मिळवून ठेवलेली आहे. ती सवय लावते, म्हाताऱ्या माणसाचा रात्री बाथरूमला जाताना तोल घालवते, आणि मुळात डिप्रेशनवर काहीच करत नाही. पण ती लोकांना चालते. मेडिकलवाला ओळखीचा असतो, झोपेची गोळी घेण्यात लाज नसते. डिप्रेशनची जी खरी गोळी आहे, जिची तशी तलफ लागत नाही, तिला मात्र घाबरायचं.

सल्ल्यांचं तर विचारू नका. फिरायला जा, सकाळी गरम पाणी प्या, मनावर घेऊ नका, नातवंडांत रमा, देवाचं करा. एका काकांनी इगतपुरीला विपश्यनेला पाठवा म्हटलं, काकांना स्वतःला त्याचा खूप फायदा झालेला, हेतू चांगला होता, पण ज्या माणसाला दहा मिनिटं स्वतःच्या विचारांबरोबर बसवत नाही त्याला दहा दिवस मौनात कसं बसवणार. (विपश्यनेवाले स्वतःच सांगतात की गंभीर मानसिक आजार असेल तर हे शिबिर करू नका आणि हा औषधोपचाराला पर्याय नाही, पण काकांपर्यंत ते पोचलं नव्हतं.) आईनं गुपचूप नारळ उतरवून टाकला. त्यानं काही बिघडलं नाही, नारळच तो.

आणि कारणं! प्रत्येकाकडे एक कारण होतं. सगळ्यात लोकप्रिय कारण महापूर. ऑगस्ट २०१९ मधे कृष्णा अशी काही चढली की आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ फुटांच्या वर, आमचा तळमजला गेला, जिन्याखालची सगळी हत्यारं, पाने, मीटर, चिखलात. तर लोक म्हणायचे त्याचाच धक्का असणार. पण गंमत अशी की पुरात बाबा पहाडासारखे होते. गाळ उपसायला सगळ्यात पुढे, लोकांच्या भिजलेल्या मोटारी उघडून वाळत घातल्या, त्या दिवसांत मी त्यांना जितकं जिवंत बघितलंय तितकं क्वचितच. आजारी पडले ते त्यानंतर काही वर्षांनी, सगळं रांगेला लागलेलं असताना, दादाचं चांगलं, माझं चांगलं, पेन्शन फार नाही पण कर्ज नाही. तेव्हा मग "ह्यांना काय कमी आहे" हे सुरू झालं. म्हणजे कारण सापडलं तर धीर धरा, होईल ठीक, आणि नाही सापडलं तर थेरं आहेत. दोन्हीत डॉक्टरकडे जायचं राहूनच जातं. डॉक्टरांना मी विचारलं की कशामुळे झालं असेल, तर त्या म्हणाल्या कधी कारण असतं कधी नसतं, घराण्यात असू शकतं, थायरॉईड असू शकतो, एखाद्या औषधानं होऊ शकतं, तपासू, पण कारण सापडेपर्यंत उपचार थांबवायचे नसतात.

ओळखलं ते वहिनीनं. ती पतसंस्थेत कॅशियर आहे, दिवसभर नोटा मोजते, तिची नजर अशा बाबतीत वेगळीच. ती दादाला म्हणाली, "बाबा पेपर वाचत नाहीत. हातात धरतात. मी अर्धा तास बघत होते, पान उलटलं नाही." मग तिनं जिन्याखाली जाऊन बघितलं. तिथे समोरच्या काकूंचा मिक्सर उघडून ठेवलेला, खालची प्लेट काढलेली, स्क्रू एका बशीत नीट गोळा केलेले, आणि बशीवर धुळीचा थर. काकू संकोचानं मागायला आल्या नव्हत्या, त्यांनी नवीन घेतला होता.

वहिनीनंच मग १४४१६ ला फोन लावला. टेली मानस म्हणून सरकारची हेल्पलाईन आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, आणि पेशंटनंच फोन करायला पाहिजे असं नाही, घरच्यांनी केला तरी चालतो. तिकडच्या मुलीनं शांतपणे झोपेचं विचारलं, वजनाचं विचारलं, जगण्याबद्दल काही बोलतात का विचारलं, आणि मानसोपचारतज्ज्ञांना लवकर दाखवा म्हणाली. वहिनीनं आणखी एक विचारून घेतलं, जे मलाही तेव्हा माहीत नव्हतं, की मानसोपचारतज्ज्ञ वेगळे आणि समुपदेशक वेगळे. पहिले एमबीबीएसनंतर त्यातलंच शिकलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात, दुसरे बोलून उपचार करतात, आणि बऱ्याच जणांना दोन्ही लागतात. खर्चाचा प्रश्न असेल तर सिव्हिल हॉस्पिटललाही मानसोपचाराची ओपीडी असते. आमच्याकडे सांगली सिव्हिललाही आहे, पण बाबा म्हणणार तिथे ओळखीचे लोक भेटतात, म्हणून मिरज.

नेणार कसं हा मोठा प्रश्न होता. दादाचं म्हणणं पोटाच्या डॉक्टरकडे जायचंय असं सांगून नेऊ. वहिनी म्हणाली खोटं बोलायचं नाही, एकदा कळलं की परत कधी यायचे नाहीत. ती सरळ त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, पोटाचं सगळं बघून झालं, आता मनाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ."

"म्हणजे मला वेड लागलंय?"

"वेड लागलं असतं तर तुम्हाला विचारलं असतं का? तसंच उचलून नेलं असतं."

ह्यावर बाबा हसले. मी तेव्हा तिथे होते, संक्रांतीला गेले होते, आणि ते हसणं ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

दवाखान्यात रांगेत आमच्या पुढे एक कॉलेजची मुलगी आणि तिची मावशी, एक बाळंतीण बाई मांडीवर बाळ घेऊन, एक शेतकरी जोडपं, त्यातलं आजारी कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही. बाबा इकडेतिकडे बघत होते, मला वाटतं त्यांना काहीतरी भयंकर दिसेल अशी अपेक्षा होती. आपल्याकडे "ठाण्याला पाठवा", "येरवड्याची गाडी बोलवा" असल्या जोकवर पिढ्या वाढल्यात, त्यांच्या डोक्यात मानसोपचार म्हणजे गज आणि साखळ्या. इथे भिंतीवर कालनिर्णय होतं आणि कंपाउंडर लाडू खात होता.

डॉक्टरीणबाईंनी आधी बाबांना एकट्यांना आत घेतलं. हे मला फार आवडलं, त्याआधी सगळ्या डॉक्टरांनी त्यांना काय होतंय ते दादाला विचारलं होतं. मग आम्हाला बोलावलं आणि एक मराठीत छापलेला कागद बाबांसमोर ठेवला. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत हे हे किती वेळा झालं, आणि समोर चार रकाने, अजिबात नाही, बरेच दिवस, अर्ध्यापेक्षा जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन मार्क. एकूण २७. बाबांनी चष्मा पुसला, खिशातलं स्वतःचं पेन काढलं आणि वर्कशॉपचं जॉबकार्ड भरावं तशा गंभीरपणे एकेक खूण करत गेले. कशात रस वाटत नाही. जवळजवळ रोज. झोप. जवळजवळ रोज. थकवा. रोज. आपण कुचकामी आहोत, घरच्यांना खाली बघायला लावलं असं वाटतं. इथे ते जरा थांबले आणि अर्ध्यापेक्षा जास्तवर खूण केली. आई एकदम म्हणाली, "अहो, काहीतरी काय!" डॉक्टरांनी हातानंच तिला थांबवलं. नववा प्रश्न मरणाबद्दलचा असतो. पेन बराच वेळ तिथे टेकून राहिलं, शाईचा ठिपका उमटला, आणि मग खूण झाली, बरेच दिवस.

डॉक्टरांनी अजिबात आवाज न बदलता विचारलं, "म्हणजे नक्की काय वाटतं हो?" बाबा म्हणाले, "झोपेतच जावं असं वाटतं. मी काही करणार नाही. पण सकाळी उठूच नये असं वाटतं." त्यांनी पुढेही विचारलं, काही ठरवलंय का, आधी कधी असं वाटलं होतं का, सगळं सरळ, आणि बाबांनीही सगळ्याची उत्तरं दिली, जसं काही कधीपासून कुणीतरी विचारायची वाट बघत होते. असं विचारलं तर माणसाच्या डोक्यात नसलेलं भरतं ही आपली समजूत साफ चूक आहे असं त्यांनी आम्हाला बाहेर समजावलं. विचारल्यानं भरत नाही, उलट एकट्यानं वाहायचं ओझं थोडं कमी होतं. गोळ्या सध्या सुनेच्या ताब्यात ठेवा म्हणाल्या, आणि असे विचार वाढलेत असं वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता रात्री असो पहाट असो थेट घेऊन या.

बेरीज १७ आली. १५ ते १९ म्हणजे बऱ्यापैकी तीव्र. त्या म्हणाल्या की ह्या आकड्यावरून निदान होत नाही, निदान बोलूनच होतं, पण पुढच्या वेळी कमी झाला की वाढला हे बघायला बरं पडतं. बाबांना मात्र तो आकडा फार पटला. इतक्या तपासण्यांत पहिल्यांदाच काहीतरी नॉर्मल नाही असं निघालं होतं.

मग त्यांनी आम्हा चौघांना विचारलं की हे पूर्वी काय काय करायचे जे आता करत नाहीत. आई म्हणाली पहाटेचा चहा. दादा म्हणाला सांगली आकाशवाणी. मी म्हणाले फोनवर माझ्या गाडीचं सर्व्हिसिंग कधी केलं ते विचारायचे, ते विचारत नाहीत. वहिनीनं सगळी यादीच सांगितली, रोजची दाढी, भाजीवाल्याशी घासाघीस, रस्त्यावरून एसटी गेली की आवाजावरून गिअर बॉक्स बोलतोय असं सांगणं. एवढ्या गोष्टी थांबल्या होत्या आणि आम्ही प्रत्येक जण आपापली एक धरून बसलो होतो. मला आता कुणी विचारलं की घरातल्या माणसाचं डिप्रेशन कसं ओळखायचं, तर मी चेहऱ्याबद्दल काही सांगत नाही. काय काय थांबलंय ते विचारते, आणि किती दिवस. दोन आठवडे हा डॉक्टर लोकांचा हिशोब आहे, त्याच्या वर बहुतेक दिवस असंच चाललं असेल तर दाखवायचं.

अजून एक गोष्ट तिथे उलगडली. बाबा संध्याकाळी बरे असायचे. सकाळी अंथरुणातून निघायचे नाहीत आणि संध्याकाळी कुणी आलं तर बऱ्यापैकी गप्पा मारायचे, त्यावरून आमच्या एका आत्येनं "पाहुणे आले की बरा होतो कसा हा" असं शिक्कामोर्तब केलं होतं. तर पहाटे तीन-साडेतीनला जाग येणं, सकाळ सगळ्यात वाईट जाणं, दिवस कलताना जरा उघडणं, हे ह्या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे म्हणे. पुस्तकातलं. आत्येला मी हे फोन करून सांगितलं, मुद्दाम.

रक्त तपासलं, टीएसएच, बी १२, हिमोग्लोबिन, सोडियम. थायरॉईड ठीक, बी १२ कमी, त्याची वेगळी औषधं. आणि एस्सिटॅलोप्रॅम, म्हणजे डिप्रेशनची ती खरी गोळी, अगदी लहान डोस, कारण ह्या वयात हळूच चढवतात, आणि ह्या गोळीनं म्हाताऱ्या माणसांचं सोडियम कधीकधी घसरतं म्हणून काही दिवसांनी परत रक्त.

पुढचे दिवस वाईट होते हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. गोळी सुरू झाली आणि आधी मळमळ आली, थोडी अस्वस्थता आली, फायदा शून्य. ह्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, वय असेल तर आणखी जास्त, आणि साईड इफेक्ट मात्र पहिल्याच दिवसापासून हजर. बरेच लोक इथेच सोडतात. बाबाही म्हणाले, गॅस वाढला, बंद करा. वहिनीनं कालनिर्णयच्या चौकोनात रोज लिहायला सुरुवात केली, किती वाजता जाग आली, काय खाल्लं, काय केलं. त्याचा उपयोग असा झाला की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाबा "काही फरक नाही" म्हणत होते तेव्हा चौकोनात जाग साडेतीनवरून पाचवर सरकलेली दिसत होती. बाहेरच्याला आधी दिसतं, आजारी माणसाला सगळ्यात शेवटी.

समुपदेशकानं त्यांच्याशी बालपण वगैरे काही काढलं नाही, मला ती धास्ती होती. रोज एक छोटं काम ठरवायचं, इच्छा असो नसो करायचं, आणि करण्याआधी-केल्यावर कसं वाटलं त्याला दहापैकी मार्क द्यायचे. इच्छा झाली की करीन म्हणून थांबायचं नाही, कारण ह्या आजारात इच्छाच आधी जाते, ती कामाच्या मागून येते. मला हे फारच साधं वाटलं म्हणून मी शोधलं तर गोव्यात ह्याच पद्धतीवर मोठा अभ्यास झालेला निघाला. संगत नावाच्या संस्थेनं साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या लोकांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं, सहा ते आठ भेटींत एवढंच करून घेतलं, आणि ज्यांना ते मिळालं त्यांच्यात नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त लोक बरे झाले. २०१७ मधे लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. म्हणजे हे गावोगाव होऊ शकतं. होत नाही ही गोष्ट वेगळी. निम्हान्सनी, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं, २०१५-१६ मधे १२ राज्यांत पाहणी केली (महाराष्ट्र त्यात नव्हता), त्यात २० मोठ्या माणसांत एकाला कधी ना कधी डिप्रेशन झालेलं निघालं आणि त्यातल्या ८५ टक्क्यांच्या आसपास लोकांना उपचारच नाहीत. त्या ८५ मधले किती जण आत्ता कुठेतरी सोनोग्राफीच्या रांगेत बसले असतील कोण जाणे.

बाबांचं पहिलं काम होतं दाढी. दुसरं कोपऱ्यावरून कोथिंबीर आणणं. पहिल्या दिवशी ते कोथिंबीर न आणता परत आले, मार्क एक. नंतर कधीतरी आणली आणि महाग आणली म्हणून आईनं ऐकवलं, मार्क चार. म्हणजे भांडणाचे तीन मिळाले असं दादा म्हणतो.

आता बरे आहेत, म्हणजे जिन्याखाली परत वस्तू येतात, माझ्या गाडीचं सर्व्हिसिंग विचारून होतं. लोकांना ते सांगत नाहीत, बी १२ कमी होतं म्हणतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही, कमी होतंच की. गोळी मात्र चालू आहे. बरं वाटल्यावरही सहा महिने, वयस्कर लोकांत वर्षभर, चालू ठेवायची असते आणि मग हळूहळू कमी करायची, एकदम तोडायची नाही, चक्कर येते, बेचैनी होते आणि आजार उलटू शकतो. बाबांचं म्हणणं गाडी दुरुस्त झाली तर वर्कशॉपमधे कशाला ठेवायची. डॉक्टर ह्या जुलैत डोस कमी करणार होत्या. पण आषाढात दोन-तीन रात्री परत साडेतीनला जाग आली, वहिनीच्या चौकोनांत ते लगेच दिसलं, तिनं तारीख अलीकडे घेतली, बाबा कुरकुरत का होईना गेले. आता कमी करायचं ते दिवाळीनंतर बघू असं ठरलंय. बाबा चिडलेत, डॉक्टरांवर नाही, वहिनीवर. साडेतीनला जाग आली हे हिला सांगितलं कुणी म्हणून आईची उलटतपासणी चालू आहे.